प्राचार्यांचे मनोगत : "सर, तुम्ही काय ऐकता?"





मागच्या महिन्यात एका शनिवारी बालसभा संपल्यावर इयत्ता सातवीच्या एका विद्यार्थिनीने आम्हांला जिन्यात गाठले आणि विचारले, "सर, तुम्ही काय ऐकता?" प्राचार्याला शोभेल असे उत्तर आम्ही दिले, "शास्त्रीय संगीत." "कोणाचं?" "कुमार गंधर्वांचं." "त्यांचं काय आवडतं तुम्हांला?" इथे आमची गाडी अडली. तेवढ्यात घंटा झाली, म्हणून सुटलो.

खरे सांगायचे तर त्या आठवड्यात आम्ही मुकेशची जुनी हिंदी गाणी ऐकत होतो, तीही सकाळी चहा करताना. कुमारजींची सीडी घरात आहे, पण ती नीट बसून ऐकल्याला कित्येक वर्षे झाली. मुलीने साधे प्रश्न विचारले होते. त्यांतल्या पहिल्याचे उत्तर आम्ही खोटे दिले आणि शेवटच्याचे देताच आले नाही. गोष्ट लहान आहे, पण मनातून जाईना. म्हणून या अंकात हाच विषय घेतला आहे.

आपण काय ऐकतो हे सांगायला माणूस का बिचकतो? कारण गाण्यावरून आपली पायरी ठरवली जाईल अशी भीती वाटते. मोठ्यांना वाटते, फिल्मी म्हटले तर लोक हलके समजतील. मुलांना वाटते, अभंग म्हटले तर वर्गात हसतील. मग दोघेही गप्प बसतात.

आमच्या लहानपणी ही सोयच नव्हती. वाड्यात रेडिओ दोनच, आणि दोन्ही मोठ्याने लागत. 1952 साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली अमीन सायानींची गीतमाला आमच्या वेळेपर्यंत चालू होती. बुधवारी रात्री आठला अख्खा वाडा तीच ऐके, आणि कोणते गाणे वर चढले, कोणते उतरले यावर दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा होई. विविध भारतीवर फर्माइश पाठवणाऱ्यांची नावे गाण्याआधी वाचली जात. झुमरी तलैया हे गाव आम्ही नकाशात कधी शोधले नाही, पण तिथली माणसे काय ऐकतात हे आम्हांला पाठ होते. कोण काय ऐकतो हे विचारावेच लागत नसे.

आता घरात चार माणसे आणि चार मोबाईल. प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे. यात वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. पूर्वी जी रेकॉर्ड मिळवायला मुंबई-पुण्याच्या पाहुण्याची वाट बघावी लागे, ती आज क्षणात ऐकता येते. पण शेजारी बसलेल्या मुलाच्या कानात काय वाजते आहे हे आईला माहीत नाही, आणि आई भाजी निवडताना काय गुणगुणते आहे हे मुलाला माहीत नाही. यात काही तरी हातचे जाते आहे.

काय जाते ते आम्ही स्वतः अनुभवले आहे. आमची आजी तांदूळ निवडताना एक गाणे म्हणत असे. चाल आजही डोक्यात आहे. शब्द मात्र पहिले दोन-तीनच आठवतात. हे गाणे कोणाकडून शिकलीस, तुला का आवडते, असे आम्ही तिला कधी विचारले नाही. ती 1986 साली गेली. पुढे आईला विचारले, तर तिलाही ते शब्द आठवेनात. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांत अशा कितीतरी चाली असतील, ज्यांचे शब्द एकाच माणसाजवळ उरले आहेत.

या विचारातून या सत्रात बालसभेत "ऐका आणि सांगा" हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला आहे. एका विद्यार्थ्याने आपल्या आवडीचे गाणे दोन मिनिटे ऐकवायचे आणि तीन गोष्टी सांगायच्या: हे गाणे कोणाचे, मी ते कुठे ऐकले आणि मला ते का आवडते. गाणे कोणत्याही भाषेतले चालेल. सांगायचे मात्र मराठीत. मध्ये हिंदी शब्द आला तरी कोणी टोकायचे नाही. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे अडखळणाऱ्याची अडचण आम्ही जाणतो.

दोन प्रसंग सांगतो. सहावीतल्या एका मुलीने आजीच्या आवाजातले भोंडल्याचे गाणे मोबाईलवर आणले. नवरात्रात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर कसा धरतात, हे तिने सांगितले. तेव्हा तिच्याच वर्गातली माळवी घरातली मुलगी उठून म्हणाली, आमच्याकडे संजा असते. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, तिला फुलांनी सजवतात आणि संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. दोन्हीकडे कुमारिकांचीच गाणी, दोन्हीत सासर-माहेरच्या गोष्टी. दोन्ही मुली तीन वर्षे एका बाकावर बसत होत्या आणि त्यांना हे ठाऊक नव्हते. आम्हांलाही नव्हते.

दुसरा प्रसंग आठवीतल्या मुलाचा. त्याने हिंदी रॅप ऐकवले. मागच्या रांगेतल्या शिक्षकांच्या कपाळावर आठ्या आल्या, आमच्याही आल्या. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "सर, मी बोलताना अडकतो. हे गाणं बरोबर म्हणायची प्रॅक्टिस करतो तेव्हा अडकत नाही." सभागृह शांत झाले. गाणे आम्हांला आजही आवडलेले नाही. मुलगा मात्र आम्हांला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

या कार्यक्रमावर आक्षेपही आले आहेत आणि त्यांची उत्तरे देणे आमचे कर्तव्य आहे. काही पालकांचे म्हणणे, अभ्यासाचा वेळ जातो. आठवड्यातून पाच मिनिटे जातात, हे खरे. पण आवडीचे कारण चारचौघांत नीट सांगता येणे हा भाषेचाच अभ्यास आहे. निबंधात "मला हे फार आवडते" असे लिहून मुले थांबतात. "का?" हा प्रश्न त्यांना पुढचे वाक्य लिहायला लावतो. काहींना गाण्यांच्या शब्दांची काळजी वाटते. ती रास्त आहे. म्हणून नियम केला आहे की जे गाणे आपल्या आजीसमोर लावता येणार नाही ते बालसभेत लावायचे नाही. वर्गशिक्षक आदल्या दिवशी ऐकून घेतात.

तिसरा आक्षेप महत्त्वाचा आहे. आमच्या एका मान्यवर विश्वस्तांनी आपुलकीने सुचवले की मराठी शाळेत मराठीच गाणी असावीत, बाहेर हिंदी आहेच. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हांला आदर आहे. तरी आमचे मत वेगळे आहे, आणि त्यासाठी त्याच कुमारजींचा आधार घेतो, ज्यांच्याविषयी आम्हांला जिन्यात बोलता आले नव्हते.

कुमार गंधर्वांचा जन्म 1924 सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी. गाणे शिकले मुंबईत, प्रोफेसर देवधरांकडे. क्षयरोग झाला म्हणून कोरड्या हवेसाठी 1948 साली इथून जवळच देवासला येऊन राहिले. पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. ज्याला गाण्याची मनाई झाली त्याने त्या काळात ऐकले. लग्नकार्यात, सणावारी माळव्यातल्या बायका काय गातात ते अंथरुणावरून ऐकले, चाली टिपून घेतल्या. पुढे बरे झाल्यावर त्या लोकगीतांचे कार्यक्रम केले आणि अशा धुनांतून नवे राग बांधले. म्हणजे आपण काय ऐकले आणि त्यात आपल्याला काय सापडले, हेच त्यांनी जगाला गाऊन सांगितले. त्यांनी कबीर गायला आणि तुकारामही गायला. माळवी गाणे ऐकल्याने त्यांचे काही कमी झाले नाही, आणि मराठी रसिकांनी त्यांना परके मानले नाही.

मुले हिंदी गाणी ऐकतात म्हणून मराठीला धोका आहे असे आम्हांला वाटत नाही. मुलांना आपल्या मनातले मराठीत सांगण्याचे प्रसंगच येत नाहीत, हा धोका मोठा आहे. मराठी गाण्यांची सक्ती केली तर मुले एक गाणे पाठ करून म्हणतील आणि खाली बसतील. आपल्या आवडीचे गाणे असेल तर ती भरभरून बोलतील, आणि ते बोलणे मराठीत होईल. आम्हांला ते बोलणे हवे आहे.

पालकांना एक विनंती. आज रात्री जेवताना मुलाला विचारा, सध्या काय ऐकतोस? ऐकून नाक मुरडू नका, पुढे फक्त "का?" विचारा. मग आपले सांगा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचे एक गाणे शब्दांसह वहीत उतरवून घ्या. दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ हाच समजा.

आणि सातवीतल्या त्या विद्यार्थिनीस उत्तर देणे बाकी आहे. बाळ, आम्ही मुकेश ऐकतो. आमचे वडील आम्हांला परीक्षेला सायकलवर डबलसीट नेत. चढ आला की धापा टाकत मुकेशचे एखादे गाणे म्हणत, बेसूर, म्हणजे आम्ही घाबरू नये. म्हणून आवडतो. कुमारजींची सीडी परवा पुन्हा काढली आहे. त्यांचे काय आवडते ते अजून नीट सांगता येत नाही. पुढच्या महिन्यातल्या एका बालसभेत "ऐका आणि सांगा"मध्ये आमचे नाव लिहून ठेव.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्राचार्य