अनवट जागांचा शोध

हल्ली परदेशी निघालेल्या तरुण मंडळींस एक नवीच चिंता लागलेली दिसते. पूर्वी प्रवासास जाणारा मनुष्य तेथे काय पाहावे, हे विचारीत असे. आता तो कोठे उभे राहून छायाचित्र घ्यावे, हे विचारतो. आणि त्यातही दुसरे कोणी जेथे उभे राहिलेले नाही अशी जागा त्याला हवी असते. माझ्याकडे पेटी शिकणारा एक विद्यार्थी व्हेनिसला निघाला आहे. सान मार्कोचा चौक नको, रियाल्तोचा पूल नको. कालव्यांच्या त्या शहरातल्या अनवट जागा तेवढ्या हव्यात, म्हणून त्याचा शोध चालू आहे. व्हेनिस मी पाहिलेले नाही. परंतु ‘अनवट’ आणि ‘जागा’ हे दोन्ही शब्द आमच्या धंद्यातले असल्यामुळे या बाबतीत चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

गाण्यातली जागा ही शोधून सापडत नाही, हे गाण्यात मुरलेल्या कोणासही ठाऊक आहे. माझे वडील १९४९ च्या विलीनीकरणापूर्वी कोवळ्या वयातच दरबारच्या नोकरीत लागले होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. कोणी शिष्य अप्रसिद्ध राग मागू लागला की ते त्याला पुन्हा यमनाकडे पाठवीत. वर्षभर एकच राग गायला म्हणजे गंधारावरून उतरताना एखादे दिवशी स्वर जरासा निराळा लागतो आणि गाणाराच दचकतो. ती जागा. ती आधीपासून तेथेच असते. छायाचित्रकारांचे यापेक्षा फारसे वेगळे नसावे.

व्हेनिसचेच उदाहरण घेऊ. प्रवाशांसाठी ठरावीक जागांची चित्रे काढण्याचा उद्योग तेथे अठराव्या शतकापासून चालत आला आहे. कॅनालेत्तो नावाचा चित्रकार इंग्रज प्रवाशांस मोठा कालवा, राजवाडा, नौकांचे उत्सव यांची चित्रे विकून नावारूपास आला. पण आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे जे चित्र जाणकार मंडळी सर्वांत वरचे मानतात त्यात उत्सवही नाही आणि राजवाडाही नाही. १७२५ च्या सुमाराचे ते चित्र आहे दगड घडविणाऱ्या पाथरवटांच्या आवाराचे. धोंडे पडलेले आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत आहेत, एक मूल पडले आहे आणि त्याची आई त्याच्याकडे धावते आहे. ही जागा त्याने कोणाला विचारून काढलेली नसणार. ती त्याच्या गावातली रोजची जागा होती. आज त्या जुन्या शहरात राहणाऱ्यांची संख्या २०२२ सालापासून ५०,००० च्या खाली गेली आहे, आणि २०२४ पासून गर्दीच्या काही दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेते. अनवट म्हणून सांगितलेली गल्ली दुसऱ्या वर्षी अनवट राहत नाही, हे निराळे सांगावयास नको.

आपल्या कोल्हापुरात हे उमजलेला एक थोर पुरुष होऊन गेला. आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगा, एवढाच त्यांचा मुलूख. त्याच पाण्याकडे ते सकाळी जात, संध्याकाळी जात, पावसात जात. १९३१ साली ते वारले. पण संध्यामठाकडे पाहताना आजही आपण थोडेफार त्यांच्याच डोळ्यांनी पाहतो.

कालव्यांचे शहर आपल्या मुलखात नाही. पण पाण्याच्या वाटांवर जगणारी शिवारे आहेत. माझी आत्या बेळगावच्या शहापुरात राहते (हे शहापूर एके काळी सांगली संस्थानातले, हे जुन्या घराण्यांना आठवत असेल), त्यामुळे गेली पंधरा-सोळा वर्षे माझे तिकडे जाणे आहे. वडगावहून येळ्ळूरकडे निघाले की दोन्ही अंगांना भातशेती लागते आणि पलीकडे डोंगरावर येळ्ळूरचा गड, म्हणजेच राजहंसगड, दिसू लागतो. छायाचित्रे काढणारे सगळे थेट गडावर जातात. तेथे सिद्धेश्वराचे देऊळ आहे, आणि २०२३ च्या मार्चमध्ये शिवछत्रपतींचा भव्य पुतळा उभा राहिल्यापासून गर्दीही पुष्कळ असते. गड पाहावाच. माझे म्हणणे एवढेच की गडावरून गड दिसत नाही. तो पाहावयाचा तर खाली शिवारात, बांधावर उभे राहिले पाहिजे.

हे शिवार बारा महिने एकसारखे कधीच नसते. रोहिणीच्या सुमारास धूळवाफ पेरणी होते, तेव्हा रान कोरडे आणि गड धुळीत बुडालेला असतो. येळ्ळूरचा बासमती नावाजलेला. तो पोटरीत आला की वास रस्त्यावर येतो, आणि तो मात्र कोणत्याही कॅमेऱ्यात सापडत नाही. सुगीत भाताच्या वळ्या रचल्या जातात. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, मोहरी येते, आणि मोहरी फुलल्यावर सकाळच्या उन्हात गड जसा दिसतो तसा दुसऱ्या कोणत्याही महिन्यात दिसत नाही. एकाच बांधावरून ही पाच-सहा चित्रे आहेत. त्यासाठी निपाणीवरून एसटीने वर्षात पाच-सहा वेळा जावे लागेल, एवढाच खर्च.

यातले सर्वांत वाखाणले जाणारे चित्र मात्र निराळेच असते. आषाढात चार दिवस झड लागली की शिवारात आरशासारखे पाणी उभे राहते आणि त्यात गड उलटा दिसतो. एका हौशी छायाचित्रकाराने काढलेले असे चित्र गेल्या साली माझ्याजवळ आले. फार सुंदर होते. मी ते येळ्ळूरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यास दाखविले. त्यांनी गडाकडे पाहिलेच नाही. चष्मा वर करून ते आधी बांध शोधू लागले आणि म्हणाले, “मास्तर, हितं बांध दिसंना झालाय. म्हणजे आठ दिवसांचं पाणी आहे हे. भात गेलं की हो ह्यांचं.”

तो आरसा बळ्ळारी नाल्याचा असतो. गाळाने आणि जलपर्णीने भरलेला हा नाला बेळगावच्या पावसाचे आणि सांडपाण्याचे ओझे घेऊन येतो आणि तुंबला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शेतांत पसरतो. रोपे कुजतात, आणि पुष्कळांना पुन्हा पेरावे लागते. साफसफाईची मागणी वर्षानुवर्षे होते आहे. सौंदर्य पाहू नये, असे मी म्हणत नाही. ते पाणी सुंदर दिसतेच. परंतु त्या चित्राखाली ‘पावसाळी स्वप्न’ असे काही लिहिणारा मनुष्य दुसऱ्याच्या नुकसानीस चौकट घालतो आहे, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. एक दिवसासाठी जागा शोधीत आलेल्यास हे कळावयाचे कसे? सहा वेळा आलेल्यास कोणी न सांगता कळते.

माझी त्या मंडळींस एक सूचना आहे. नाल्याच्या पुलावर एक दगड ठरवावा, आणि दर वर्षी आषाढात, झडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्याच दगडावर उभे राहून एक चित्र घ्यावे. खाली तारीख लिहावी, पाणी कोणत्या बांधापर्यंत होते ते लिहावे, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. दहा वर्षांनी गाळ किती चढला हे अर्जाच्या शब्दांपेक्षा ती दहा चित्रे अधिक चांगले सांगतील. बांधावर उतरताना जोडे काढावेत. ओला बांध पायाखाली खचतो आणि एकाचे पाणी दुसऱ्याच्या शेतात जाते, मग भांडण त्यांचे आपापसांत लागते, आपण तर संध्याकाळच्या गाडीने परत आलेले असतो.

व्हेनिसला निघालेल्या माझ्या विद्यार्थ्यास मी एवढेच सांगितले आहे की पाच दिवसांत पाच वाडे फिरण्याऐवजी एक लहानसा पूल धरावा आणि पाचही दिवस पहाटे तेथेच जावे; भाजीच्या होड्या कोणत्या वेळेस येतात ते पाहावे. त्याला ते फारसे पटलेले दिसत नाही. येळ्ळूरला मात्र तो सुगीनंतर माझ्याबरोबर यावयास तयार झाला आहे.