आमच्या हिंवाळ्याचा खरा वैरी

थंड देशांतील बागाइतीचीं पुस्तकें हिंवाळी भाज्यांविषयीं लिहूं लागलीं, कीं हिमापासून रोपें कशीं झांकावीं यांतच त्यांचीं बरींच पानें खर्ची पडतात. आमच्या मालवण किनाऱ्यावर पौषांतल्या रात्रींही पारा १५ अंश सेल्सिअसखालीं क्वचितच उतरतो. येथें पानांवर पडतें तें दंव. असें असूनही भात कापून झालें, कीं आपले बहुतेक कुणगे मृगापर्यंत ओस पडतात, आणि आपण घाटावरून उतरलेला कोबी विकत घेतों. हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

हवेची अडचण मुळींच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. एके वर्षीं आम्हीं मुलांकडून विहिरीशेजारीं फुलकोबीचे चार वाफे करविले. बीं चांगलें होतें, पण ‘स्नोबॉल’ जातीचें. पौष सरला, माघ सरला; पानें सुपाएवढीं झालीं, गड्डा मात्र धरेना. शेवटीं सारें गुरांपुढें टाकलें. मुलें आम्हांस हंसलीं, तीं योग्यच हंसलीं. त्या जातीस गड्डा धरण्यासाठीं १० ते १६ अंशांची थंडी लागते. ती समुद्रकांठीं कोठून आणावी? उलट १८२२ सालीं विलायतेंतून फुलकोबीचें बीं या देशांत आल्यानंतर येथें ज्या हळव्या जाती निपजल्या, त्या २० ते २७ अंशांतही गड्डा धरितात. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेची ‘पुसा दीपाली’ ही त्यांपैकींच. पुडीवरील चित्रापेक्षां जातीचें नांव वाचावें, हें आम्ही तेव्हां शिकलों.

तथापि आमचा भर फुलकोबीवर नाहीं. मुळा, तांबडी भाजी, नवलकोल, वाल, चवळी यांस आमचा हिंवाळा चांगला मानवतो. (‘कोबी’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, भाजी परकी म्हणून कोणीं ताट परत केल्याचें ऐकिवांत नाहीं!) तांबडी भाजी महिन्याभरांत हाताशीं येते. नवलकोल कोवळा असतांच काढावा, नाहींतर आंत दोरे धरतात. भात निघाल्याबरोबर, ओल आहे तोंच वाल-चवळी टोंकावी. पालेभाजीचे वाफे विहिरीच्या कडेस करावे. वर्षाचा सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरांत पडून समुद्रास मिळतो, आणि कातळावरील कित्येक विहिरी उन्हाळ्याच्या तोंडींच तळ दाखवितात. म्हणून दिवाळी ही वाफ्यांची वेळ. जो नाताळानंतर पेरील, त्यास पुढें घागरी वाहाव्या लागतील.

हें सारें आपल्या लोकांस ठाऊक नाहीं काय? आमच्याहून अधिक ठाऊक आहे. मग लावीत कां नाहींत? उनाड गुरांमुळें. भात घरांत आलें, कीं दावीं सुटतात. महिनाभर पाणी घातलेला वाफा एका रात्रींत फस्त झालेला ज्यानें पाहिला, तो पुन्हां बीं आणीत नाहीं. दरवर्षीं नवी वई घालण्यास कांटे आणि मजूर लागतात. एकट्या विधवेस तो खर्च भाजीच्या मोलाहून जड जातो. ज्याची गाय मोकळी, त्याला मात्र कांहींच खर्च येत नाहीं. हा न्याय आम्हांस पटत नाहीं. गुरांनीं खावें काय, असें कोणी विचारील. पेंढा आहे, शिवाय वाडीनें मिळून एक राखणा ठेवल्यास सड्यावर चारतां येतील. शिमग्यापर्यंत एवढें निभावलें तरी पुरे.

दिवाळीपूर्वींच्या ग्रामसभेंत हा विषय आमच्या वाचकांपैकीं कोणीं तरी काढावा. ठराव झाल्यास त्या वाडींत वाफे आखून देण्यास आमच्या वर्गांतील मुलें घेऊन आम्ही येऊं. बीं या खेपेस जात पाहून आणूं.