इंद्रिये पाच, संवेदना अनेक

माणसाला इंद्रिये किती, असे विचारले तर पाठशाळेतील बालकही स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू आणि कर्ण ही पाच नावे सांगेल. आधुनिक शरीरशास्त्र मात्र उष्णता, वेदना, तोल, भूक, तहान या संवेदनाही स्वतंत्र मोजते. मग शास्त्र आणि विज्ञान यांत विरोध आहे काय?

हा भेद मुख्यतः गणनेच्या पद्धतीचा आहे. शास्त्राने विषयावरून गणना केली आणि एकट्या स्पर्शाचेच शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष, मृदू-कठोर, लघु-गुरू असे आठ भेद मानले. विज्ञान संवेदना ग्रहण करणाऱ्या यंत्रणेवरून मोजते. तापमान आणि स्पर्श यांचे ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कान ऐकतो, तसेच त्याच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीराचा तोलही सांभाळतात.

आकडा कोणताही मानला, तरी या आंतरिक संवेदनांकडे आपले लक्ष हवे. ऊनोदरी तपात भुकेपेक्षा कमी आहार घ्यायचा असतो. त्यासाठी आधी खरी भूक ओळखता आली पाहिजे. तहानेचे तर वयाबरोबर वेगळेच होते. उतारवयात तिची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असूनही घसा कोरडा वाटत नाही. म्हणून ज्येष्ठ व्रतींनी, ज्या व्रतात जलाची अनुमती आहे तेथे, तहानेची वाट न पाहता सूर्यास्तापूर्वी ठरावीक वेळी पाणी घ्यावे. घरातील सुनामुलांनीही तशी आठवण करून द्यावी. तीही वैयावृत्त्यच होय.