शाळेच्या कपाटातला पारा आता बाहेर काढू या



जव्हार-मोखाड्यातल्या शाळेत विज्ञान साहित्याची जुनी पेटी उघडली, तर त्यात पाऱ्याचा काचेचा तापमापी निघू शकतो. माझं स्पष्ट मत आहे, प्राथमिक शाळेत आता पाऱ्याची गरज नाही.

पारा इतकी वर्षं वापरला गेला, त्याला कारणं आहेत. तो चकाकतो, काचेला चिकटत नाही आणि उष्णतेने एकसारखा प्रसरण पावतो. पण काच फुटली की साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ होते. ती दिसत नाही, तिला वास नाही. श्वासातून ती शरीरात जाते आणि मज्जासंस्थेला, मूत्रपिंडांना इजा करते. मुलांना मात्र ते चमकणारे थेंब तळहातावर खेळवावेसे वाटतात. आश्रमशाळेत दिवसा शिकायची खोली हीच रात्री झोपायची खोली असेल, तर फरशीच्या फटीतला थेंब किती दिवस त्रास देईल, विचार करा.

जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये तो आजार उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबमापक यांचं उत्पादन थांबवणं हा त्या कराराचाच भाग आहे. आपल्याकडे कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला, तोही पारा लागलेली काच भंगारात सापडल्यावर लोकांनी आवाज उठवला म्हणून.

मग वापरायचं काय? ताप बघायला डिजिटल थर्मामीटर. "पाड्यावर सेल कुठे मिळणार?" हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी गॅलियम, इंडियम आणि कथिल यांच्या मिश्रणाचा काचेचा थर्मामीटर मिळतो, त्याला सेल लागत नाही. प्रयोगासाठी लाल द्रवाचा, ११० अंशांपर्यंतचा तापमापी घ्या. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी साधारण ९८.५ अंशांनाच उकळतं. पुस्तकातले १०० अंश का दिसत नाहीत, हे मुलांना स्वतः शोधू द्या! चांगला धडा होतो.

जुना तापमापी कचऱ्यात किंवा ओढ्यात टाकू नका. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, झाडू अजिबात मारू नका. हातमोजे घालून थेंब जाड कागदाने गोळा करा आणि थोडं पाणी असलेल्या झाकणाच्या बाटलीत ठेवा.

पण एकेका शाळेने हे डबे किती दिवस सांभाळायचे? तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे तापमापी गट पातळीवर एकदाच गोळा करून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावेत. पुढच्या केंद्र परिषदेत आपण सगळ्यांनी मिळून ही मागणी मांडू या.