नामी आमच्या मंडळीत बसते

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, पिठाची पोती, अंथरुणं, एखादी शेळी, लहान पोरं आणि कोयते असं सगळं एकावर एक चढतं आणि टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या वाटेला लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, बालाघाटाच्या कुशीतली कितीतरी गावं महिन्याभरात निम्मी होतात. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेसाठी ठेवलेली पोरं आणि दारांवरची कुलपं. वाचकांना यात नवं काही नाही. या आठवड्यांत आमच्या चर्चमध्ये काय होतं, ते मात्र आज सांगावंसं वाटतं.

आमची मंडळी लहान आहे. बहुतेक घरं हातावर पोट असणारी, दलित वस्त्यांमधून आलेली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे इथं कोणी काही मिळेल म्हणून ख्रिस्ती राहिलेलं नाही. नोव्हेंबर लागला की उपासनेत सतरंजीचा मोठा भाग मोकळा दिसतो. ढोलकी वाजवणारा जातो, गीताचा सूर धरणाऱ्या बायका जातात, संडे स्कूलची पोरं कमी होतात. पाळकसाहेबांकडे एक शंभर पानी वही आहे. जाणाऱ्या प्रत्येक जोडीचं नाव, मुकादम कोण, कारखाना कुठला, सोबत लेकरं किती, हे सगळं त्यात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पेन्सिलीनं अशासाठी, की हंगामात टोळी एका कारखान्यावरून दुसऱ्या कारखान्यावर गेली तर खोडून नवं गाव लिहावं लागतं. बाई पोटुशी असेल तर नावापुढे कितवा महिना तेही असतं. मध्यस्थीच्या प्रार्थनेला ही वही उघडते आणि एकेक नाव मोठ्यानं घेतलं जातं. त्याला वेळ लागतो. कोणी चुळबुळ करत नाही, कारण बसलेल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी त्या वहीत असतं.

जगभर ख्रिस्ती माणसाचा मोठा सण नाताळ. आमच्याकडे तो निम्म्या माणसांचा. गेलेल्यांचा नाताळ उसाच्या फडाकडेला, पाचटानं शाकारलेल्या कोपीत होतो. त्या दिवशी सुट्टी घ्यावी म्हटलं तर खाडा, म्हणजे दंड, लागतो, म्हणून पहाटे तोडणीला जायचं आणि रात्री मोळ्या भरून झाल्यावर फोन स्पीकरवर ठेवून इकडची गीतं तिकडं ऐकायची. मार्च-एप्रिलात कारखान्यांचा पट्टा पडतो, टोळ्या परततात आणि त्याच सुमारास उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार येतो. आमचं चर्च भरतं ते तेव्हा. पहाटेच्या उपासनेला उन्हानं रापलेले, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे असलेले लोक दाटीवाटीनं बसतात. वहीतली नावं आणि समोरचे चेहरे जुळतात. एखादं वर्ष असं येतं की एक नाव जुळत नाही. फडातल्या गाडीखाली, सर्पदंशानं, बाळंतपणात माणूस गेलेलं असतं. मेलेल्यातून उठलेल्या प्रभूची गीतं त्या घरातल्या माणसांना शेजारी बसवून गायची असतात, आणि आम्ही ती गातो.

अशाच एका उपासनेत साक्ष देण्याच्या वेळी एक बाई उठल्या. साठीच्या पुढच्या. नवरा कर्जापायी गेलेला, लेक आणि सून दर साल कोयत्याला जाणारी, नातू त्यांच्यापाशी ठेवलेला. साक्ष म्हणजे देवानं काय दिलं ते सांगायचं, अशी आमच्याकडे रीत. बाई म्हणाल्या, "मला आज उपकार मानायला येईना. देवानं मपलं घर रिकामं केलं. त्याला म्या रोज इचारते, अजून किती? त्यो बोलत न्हाई." पुढच्या रांगेतल्या कोणीतरी त्यांना खाली बसायची खूण केली. पाळकसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "बोला मावशी, सगळं बोला," म्हणाले. बाई बोलल्या, पदरानं तोंड पुसलं आणि बसल्या. पाळकसाहेबांनी नेमलेलं वाचन बाजूला ठेवलं आणि रूथचं पुस्तक उघडलं.

रूथची गोष्ट जुन्या करारात आहे, जेमतेम चार अध्यायांची. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. अलीमलेख नावाचा माणूस बायको नामी आणि दोन मुलं घेऊन परमुलखात, मवाबात जातो. तिथं आधी तो मरतो, मग लग्न झालेली दोन्ही मुलं मरतात. गावाकडे पाऊसपाणी झाल्याचं कानावर येतं तेव्हा नामी माघारी निघते, आणि मवाबी सून रूथ तिला सोडून जायला तयार होत नाही. वेशीत गावातल्या बाया विचारतात, ही नामीच का? नामी त्यांना सरळ सांगते, की मी भरली गेले होते आणि देवानं मला रिकामी आणली. हे वाचताना बीड जिल्ह्यातल्या माणसाला कसलंही स्पष्टीकरण लागत नाही. दुष्काळ, परगावी जाणं, तिकडं घरचं माणूस गमावणं, परतल्यावर वेशीतल्या नजरा, हे सगळं त्याच्या घरातलं आहे.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की नामीला कोणी गप्प करत नाही. तिची तक्रार खोडून काढायला देव आकाशातून बोलत नाही. पुस्तक लिहिणाऱ्यानं ती तक्रार जशीच्या तशी शास्त्रात ठेवली आहे. स्तोत्रसंहितेतही दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचाच आहे: किती दिवस, कुठं आहेस, तोंड का फिरवलंस. आणि वधस्तंभावर खुद्द येशूनं देवाला विचारलं, की तू मला का सोडलंस. ज्या धर्माच्या मध्यभागी असा प्रश्न आहे, त्या धर्मातल्या माणसानं दुःख गिळून हसतमुख साक्ष द्यावी असा आग्रह कोणी धरू नये. आमच्या जिल्ह्यात माणसं गिळतात. कर्ज गिळतात, अपमान गिळतात, आणि एक दिवस काय गिळतात ते आपण पेपरात वाचतो. मोठ्यानं, चारचौघांत, देवासमोर बोलायला जागा असणं ही माझ्या मते आशेची पहिली पायरी आहे. ज्याच्याकडे आपण दाद मागतो, त्याच्यावरचा विश्वास अजून शाबूत असतो.

म्हणून मोठमोठ्या मंडपांत, "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून संकट आलं," असं सांगणारे उपदेशक मला मुळीच मान्य नाहीत. जुन्या करारात, संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं होतं आणि त्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खाड्याची धास्ती, फडात ना पाणी ना आडोसा, दुखणं अंगावर काढण्याची सक्ती, वेळेवर नीट डॉक्टर नाही, अशी कारणं त्यामागं होती. त्या बायकांचा विश्वास कमी पडला होता असं म्हणायची कोणाची छाती आहे? तिथं डॉक्टर हवेत, कायदा हवा, फडावर स्वच्छतागृह हवं. प्रार्थना यातल्या कशाचीही जागा घेत नाही. ती माणसाला हे सगळं मागायला उभं करते.

उभं राहिलेल्या माणसांची उदाहरणं आपल्याच मुलखात आहेत. पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गमावली. उपाशीपोटी वणवण काय असते ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना सोबत घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. या मुलींना त्यांनी विणकाम, छपाई, शेती शिकवली, आणि त्यांना वाचता यावं म्हणून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करायला घेतलं. १९२२ साली मरण येईपर्यंत त्या याच कामात होत्या.

दुसरं नाव आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातलं, फादर हर्मन बाखर. १९४८ साली भारतात आलेले हे स्विस जेसुइट. दुष्काळात धान्य वाटून वाटून त्यांच्या लक्षात आलं, की पुढच्या दुष्काळात पुन्हा हेच करावं लागणार. मग त्यांनी डोंगर धरला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध, झाडं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि अट अशी, की गावानं आधी श्रमदान करून एकी दाखवायची. जर्मनीची मदत आणि नाबार्ड यांच्या जोडीनं हे काम वाढलं. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटर' ही संस्था काढली. तिचं काम नगरबरोबर मराठवाड्यातही पसरलं. २०२१ साली ते गेले. त्यांनी कुठल्या डोंगरावर किती चर खोदवले याचा हिशेब इतरांनी ठेवला आहे. माझ्या मनात राहतं ते एवढंच, की त्यांना आशा ही हातात कुदळ घेऊन करायची गोष्ट वाटत होती आणि ती एकट्यानं करायची नव्हती.

येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजच्या दिवसाची. लहानपणापासून म्हणत आलेल्या या ओळीचं वजन मला उचलीचा हिशेब समजल्यावर कळलं. उचल म्हणजे जून-जुलैत, घरात काही नसताना, मुकादमाकडून घेतलेले पैसे. त्यात मुलीचं लग्न उरकतं, दवाखाना भागतो, आणि येणारा अख्खा हिवाळा विकला जातो. हंगाम संपला तरी ती फिटत नाही, उरलेली पुढच्या साली अंगावर येते. पुढचा दिवस आधीच गहाण पडलेला असताना माणूस देवाकडे आजची भाकर मागतो, तेव्हा आजचा दिवस तरी माझा राहू दे, मुकादमाचा नको, असंच तो म्हणत असतो. येशूनं द्राक्षमळ्याच्या मजुरांचा जो दाखला दिला, त्यातही दिवसभर नाक्यावर उभे राहिलेले, संध्याकाळपर्यंत कोणी कामाला न नेलेले लोक आहेत. मालक त्यांना तासाभराच्या कामाची पूर्ण दिवसाची मजुरी देतो. शहरातल्या प्रवचनांत यावर न्याय-अन्यायाची चर्चा रंगते. आमच्याकडे तो दाखला वाचला की बाया माना डोलावतात. घरी दिवसाची भाकर न्यायला दिवसाचीच मजुरी लागते, हे त्यांना पटवावं लागत नाही.

यंदा सप्टेंबरात उलटंच झालं. पावसासाठी आभाळाकडे बघणाऱ्या या जिल्ह्यात सिंदफणेला पूर आला, सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला, काही शिवारांतली तर मातीच खरवडून गेली. ऑक्टोबरात आमचा कापणीचा सण होता. पीक हातात नाही तर सण कसा करायचा, यावर पंच कमिटीत बरीच चर्चा झाली. सण झाला. वेदीपुढे दरसालची ज्वारीची, बाजरीची पोती नव्हती. कोणी चार अंडी आणली, कोणी परड्यातला भोपळा, कोणी शेवग्याच्या शेंगांची जुडी. मघाशी सांगितलेल्या बाईंनी भिजून काळपट पडलेलं, पण निवडून स्वच्छ केलेलं शेरभर सोयाबीन रुमालात बांधून आणलं होतं. उपासनेनंतर रीतीप्रमाणे लिलाव झाला. भोपळा एकानं घेतला, पैसे दिले आणि परत वेदीपुढे ठेवला. दुसऱ्यानं घेतला, त्यानंही परत ठेवला. सोयाबीनची बोली एका शिक्षकानं लावली आणि त्यांच्यापेक्षा जास्त बोली लावली कोयत्याला निघालेल्या एका तरुण जोडप्यानं. बाई उठून म्हणाल्या, "आरं, कशाला रं एवढं? तुला वाटखर्चीला व्हईल." पोरगा काही बोलला नाही, पैसे मोजून ठेवले.

त्या लिलावाच्या पैशांतून दरसाल डिसेंबरात एक जीप ठरते. पाळकसाहेब, महिला मंडळातल्या एक-दोघी आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या एक परिचारिकाबाई वहीतले पत्ते शोधत फडांवर जातात. सोबत लोहाच्या गोळ्या, तापाची औषधं, पोरांसाठी स्वेटर आणि पाटी-पुस्तकं असतात. प्रार्थना कोपीच्या दारात होते आणि शेजारच्या कोपीतली हिंदू, मुसलमान, बंजारा बिऱ्हाडंही येऊन बसतात, कारण गोळ्या सगळ्यांनाच लागतात. यंदाची यादी आता तयार होते आहे. पुरानं लिलाव कमी भरला, म्हणून स्वेटर विकत घेणं जमणार नाही. लहान मुलांचे धड, धुतलेले स्वेटर ज्यांच्या घरी पडून असतील, त्यांनी ते आपल्या जवळच्या चर्चमध्ये नेऊन द्यावेत आणि 'फडावरच्या पोरांसाठी' एवढंच सांगावं. आपलं चर्च कुठलं किंवा आपला धर्म कुठला, हे कोणी विचारणार नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जीप निघेल.