पदवीसाठी वावर विकू नका, पण पोराचा घामही फुकट देऊ नका



बारावीचा निकाल लागला की आपल्या दारात दोन माणसे येतात. एक उधारीवर सरकी आणि खत देणारा, दुसरा कॉलेजचा एजंट. दोघे एकाच महिन्यात येतात, कारण आपली नड दोघांनाही ठाऊक असते.

तीन वर्षांपूर्वी एजंट माझ्याकडे आला. इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी, होस्टेल, खानावळ मिळून सहा लाख म्हणाला. "दोन एकर काढा, पोरगा साहेब होईल." मी माझा हिशेब मांडला. सात हजारांच्या भावाने सहा लाख म्हणजे पंच्याऐंशी क्विंटल कापूस. माझ्या पाच एकर कोरडवाहूत वीस क्विंटल निघाला तर चार वर्षांचा सगळा कापूस, तोही वेचणीची मजुरी न काढता. ज्वारी तर घरात खायलाच पुरते. पोरगाच म्हणाला, "आप्पा, वावर विकून इंजिनिअर झालो आणि नोकरी नाही लागली तर मी परत कुठं येऊ?"

या प्रश्नाला एजंटाकडे उत्तर नव्हते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. पुढे गल्लोगल्ली कॉलेजे झाली. २०१० नंतरच्या दहा वर्षांत त्यांतल्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या, कित्येक कॉलेजांना कुलपे लागली. कुलूप लावणाऱ्याचे काही गेले नाही. ज्याने सातबारा उतरवून दिला त्याचे गेले.

पोराने तालुक्याच्या आयटीआयत दोन वर्षे फिटरचा ट्रेड केला. आज तो पिरंगुटकडे शिकाऊ उमेदवार आहे आणि भुकूमला तिघांत एक खोली घेऊन राहतो. पोळा झाल्यावर मी जाऊन आलो. पलीकडे लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठांच्या इमारती, इकडे पौड रस्त्याला कारखान्यांच्या शिफ्टची गर्दी आणि मध्ये प्लॉट विक्रीच्या पाट्या. याच मुळशीत १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालेच, भातखाचरे पाण्याखाली गेली. गेलेली जमीन परत येत नाही, हे मुळशीला कोणी शिकवायला नको. आपण मात्र ती कोणी न मागता एजंटाच्या हातात देतो!

कोणी म्हणेल, म्हणजे शेतकऱ्याच्या पोराने पाना फिरवायचा आणि साहेबाच्या पोराने खुर्चीत बसायचे काय? मुळीच नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमावाल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दार बंद होत नाही. फरक इतकाच की हाताला काम आल्यावर पोरगा आपल्या कमाईवर शिकतो, बापाच्या वावरावर नाही. जर्मनीत पोरे आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत शिकतात. तिथे याला कोणी कमीपणा मानत नाही.

पण भावांनो, नाण्याची दुसरी बाजूही बघा. माझ्या पोराच्या हातात पहिले तीन महिने मशीन आलेच नाही. माल उचल, फरशी झाड, साहेबाचा चहा आण. कराराची प्रत मागितली तर "बघू" म्हणाले. हे शिक्षण नव्हे, ही वेठबिगारी आहे.

कायदा काय सांगतो? शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यात करार हवा, सुरक्षिततेची व्यवस्था हवी, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. मात्र याच कायद्याने शिकाऊ पोराला कामगार मानलेले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाची कैदेची भीतीही गेली, राहिला फक्त दंड. त्यानंतर नोकरी द्यायची की नाही, ते मालक आपल्या धोरणाने ठरवणार. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवले. भुकूमची खोली आणि खानावळ देऊन माझ्या पोराच्या हातात त्यातले हजार-दीड हजार उरतात.

कापसाला उत्पादन खर्चाइतका भाव मागणारे आपण. मग पोराच्या घामाच्या भावाबद्दल गप्प का बसायचे? जिल्ह्याच्या बैठकीत मागण्या करा. विद्यावेतन राहण्या-खाण्याचा खर्च भागवून वर उरेल इतके हवे. कराराची मराठी प्रत पहिल्याच दिवशी पोराच्या हातात पडली पाहिजे. ट्रेडचे काम सोडून हमाली करून घेणाऱ्या मालकाचे शिकाऊ उमेदवार काढून घ्यावेत. आणि तालुक्याच्या आयटीआयत प्रत्येक ट्रेडला शिकवणारा माणूस आणि चालू मशीन हवे.

आणि घरी गेल्यावर एक करा. एजंट आला तर त्याला चहा पाजा, सातबारा दाखवू नका. पोराला मात्र जवळ बसवून विचारा, "तुला काय येतं, आणि काय शिकायचंय?" माझ्या पोराने मला विचारायला लावले, म्हणून दोन एकर वाचले. यंदाही त्यात कापूस उभा आहे.