कधीपासून?

"कधीपासून होतंय?" हा डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न. आणि आपली नेहमीची उत्तरं... "परवापासून", "झाले असतील आठ दिवस", "गड्ड्यावर जाऊन आलो ना, तेव्हापासून." डॉक्टर ऐकून घेतात आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहितात, ताप, तीन दिवस. 'परवा'चे 'तीन दिवस' कसे झाले, ते त्या कागदावर कुठेच उरत नाही.

हे सुचायचं कारण असं. चीनमध्ये रुग्णांच्या नोंदींतून ही वेळ-काळाची माहिती संगणकाकडून वेचून घेण्याचे प्रयोग चालतात, असं वाचनात आलं. त्यासाठी 'न्यूरल नेटवर्क' वापरतात. आधी माणसं नोंदी वाचून हाताने खुणा करतात : हा आजार, ही वेळ, हे दोन एकमेकांशी जोडलेले. संगणक त्यावरून अंदाज बांधतो. चुकला की त्याच्या आतले आकडे जरासे इकडेतिकडे सरकवतात, आणि हे हजारो वेळा. (पाढे आम्ही वेगळे काय शिकवले?) अमेरिकेत २०१२ साली याची एक स्पर्धाच झाली होती, ३१० डिस्चार्ज समरींवर, रुग्णांची ओळख पुसून.

चीन आणि दवाखाना म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. १९३८ साली ते चीनला गेले, चिनी भाषा शिकले, तिथल्या जखमींवर उपचार केले आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. 'कधीपासून?' हा प्रश्न त्यांनीही चिनीत किती वेळा विचारला असेल! ती भाषा मोठी मजेशीर. क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, आणि लिहिताना दोन शब्दांत जागाही सोडत नाहीत. पण तिथल्या डॉक्टरांची एक शिस्त आहे. मुख्य तक्रार लिहिताना लक्षण आणि मुदत जोडीने लिहायची. खोकला, तीन दिवस.

आपल्या मराठीला काळ आहेत, पण ते पाळतो कोण? "आलोच!" म्हणणारा अजून घरातच असतो. "काल बघते तर अंग भाजतंय" यात क्रियापदं वर्तमानाची आणि ताप कालचा. 'परवा' मागचाही आणि पुढचाही. 'आठ दिवस' म्हणजे सात, 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे. त्यात आमच्या पूर्व भागातली आजी तेलुगूत सांगणार, सून मराठीत समजावणार, डॉक्टर इंग्रजीत लिहिणार.

हे नुसतं व्याकरण नाही हो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर क्षयाची तपासणी करायची, असा नियम आहे. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेतून उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, तर वेळ उठल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथपासून मोजतात. डेंग्यूत ताप उतरायला लागतो तेव्हाच खरा धोका असतो, म्हणून तापाचा दिवस कितवा ते कळावं लागतं. आणि तालुक्याच्या दवाखान्यात सोमवारी लिहिलेलं 'तीन दिवस' गुरुवारी सोलापुरात जसंच्या तसं उतरवलं, तर मधले तीन दिवस गेले कुठे?

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की मराठीसाठी हे करायचं तर सुरुवात यंत्रापासून नको, केसपेपरपासून करा. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने २०२२ मध्ये मराठी वाक्यांचा एक संच केला. पंचवीस हजार वाक्यं, त्यांत तारीख आणि वेळ यांच्याही खुणा. काम कौतुकाचंच. पण ती मराठी बातम्यांची. ओपीडीच्या बाकावरची मराठी मुळात कागदावर उतरतच नाही, तर यंत्र ती शिकणार कुठून? जे लिहिलंच नाही ते कितीही हुशार यंत्र शोधून काढणार नाही. उलट चुकीचे 'तीन दिवस' मात्र ते नेमकी तारीख लावून पक्के करून टाकेल! २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये चौदा आकडी 'आभा' क्रमांकाला आपल्या नोंदी जोडता येतात. तिथे शिरलेली चूक गावोगाव आपल्याबरोबर फिरणार.

डॉक्टरांना वेळ नसतो, बाहेर रांग असते, सगळं मान्य. पण पेशंट 'परवा' म्हणाला तर कंसात 'परवा' लिहा, आणि शेजारी तारीख. एवढी एकच ओळ हवी आहे.

आणि नातेवाईक मंडळी, तुम्हीही. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा खाडा लिहिताच ना? त्याच चौकटीत ताप कधी चढला तेही लिहा, आणि दवाखान्यात जाताना ते पान मोबाइलवर टिपून न्या.